पाण्याच्या जोरावर

९ नोव्हेंबर, रविवार

आज तलावावर फ्लायबोर्ड आला. आमच्या बोटिंग क्लबाचा मालक धनराज, त्याने महिनाभर नुसतं नाव ऐकवून डोकं खाल्लं होतं. प्रत्यक्षात पाहिलं तर एक पाटी, तिच्यावर घट्ट बसवलेले दोन बूट, आणि पाटीला जोडलेला अजगराएवढा जाड नळा. नळ्याचं दुसरं टोक वॉटर स्कूटरच्या मागे बसतं. स्कूटर तलावाचं पाणी ओढते, नळ्यात रेटते, ते पाणी पाटीखालून दोन धारांनी खाली आदळतं आणि बुटात उभा असलेला माणूस वर उचलला जातो. एवढंच. पण काठावरचे सगळे, मीसुद्धा, तोंड उघडं टाकून बघत होतो.

पाटीबरोबर एक मुलगी आली आहे. स्नेहा. हुलसूरच्या हरिबांची, शेतकऱ्याच्या घरची. मालवणकडे एका हॉटेलात कामाला होती, तिथे हे शिकली. धनराजने तिला या हंगामापुरतं क्लबात घेतलं आहे.

स्कूटरवर वीरेश बसला. तो एरवी आमची बोट चालवतो. स्कूटरची रेस ज्याच्या बोटाखाली, त्याच्याच हातात वरच्या माणसाची उंची. रेस दिली की वर, सोडली की खाली. वीरेशने उमरग्याच्या रस्त्याला मोटारसायकल पळवावी तशी एकदम दाबली. पोरगी सणकन वर गेली, तिरकी झाली आणि धाडकन पाण्यात. ती हसतच वर आली, पण धनराजचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर, उद्यापासून रेस तुमच्या हातात," तो मला म्हणाला. "तुमचं वय झालंय. तुमी घाई करनार न्हाई."

मी इथे जीवरक्षक म्हणून आहे. सारी नोकरी राजेश्वर गावच्या शाळेत पोरांना कवायत आणि पोहणं शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून धनराजच्या बोटिंग क्लबात आलो. शाळेत रोजचं टाचण लिहायची सवय होती. शाळा सुटली, सवय सुटली नाही. माझी बायको सुभद्रा होती तोवर ती हे वाचायची आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायची. आता वाचणारं कोणी नाही.

१२ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा रेस धरली. स्नेहाने खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे वाढवा. तळवा उभा म्हणजे आहे तेवढीच ठेवा. हात खाली म्हणजे उतरवा.

"वर गेल्यावर काय ऐकू येत न्हाई सर. पान्याचा आवाज लई. तुमी फकस्त माज्या हाताकडं बगायचं."

ती पाण्यावर पालथी पडते. मी हळूहळू रेस देतो. आधी डोकं, मग खांदे, मग गुडघे वर येतात, आणि मग ती पाण्यावर उभी असते. त्यानंतर पाण्यापासून सुटते. तो क्षण डोळ्यांना पटत नाही.

नळा ताणला की स्कूटर तिच्या मागे ओढली जाते. ती उजवीकडे गेली की मीही उजवीकडे. दुसऱ्या टोकाला माणूस आहे, हे हाताला कळत राहतं. संध्याकाळी घरी आलो, कुलूप काढलं, तेव्हाही ती ओढ हातात होती. दिवा लावायचा राहिला. तसाच खुर्चीत बसलो होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रचंड गर्दी. हुमनाबाद, बसवकल्याण, उमरगा, सगळीकडच्या जीपगाड्या. फुटाणेवाले आले, उसाच्या रसाचा गाडा आला. बसव्वा नावाची एक म्हातारी नातवंडांबरोबर आली होती. स्नेहा वर गेली तशी तिने "अय्यो, हुडुगी!" (कानडीत पोरगी) म्हणून दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली.

संध्याकाळी दीपमालाचा फोन. ती पुण्याहून रविवारी करते. मी सगळं सांगितलं. एरवी आमच्यात बोलण्यासारखं काही नसतं. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. आज मीच बोलत होतो.

"रेस तुम्ही धरता, अप्पा?" तिने विचारलं.

"हो. धनराजचा माझ्यावर विश्वास आहे."

"मग फार वर जात नसेल ती," म्हणाली.

मी म्हटलं, अगदी बरोबर. सुरक्षितता आधी. पोरीला माझा स्वभाव ठाऊक आहे, याचं बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी गर्दी कमी होती. स्नेहा चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मालवणला ती हॉटेलात खोल्यांच्या चाव्या द्यायची. पहाटे पाहुणे उठायच्या आत तिथल्या माणसाच्या मागे लागून पाटीवर उभं राहायला शिकली. घरी सहा महिने सांगितलंच नाही.

"पयल्यांदा वर गेले तवा रडूच आलं सर. का ते ठाव न्हाई. तिथं वर कुनीच नसतं न्हवं. आई न्हाई, अप्पा न्हाई, हॉटेलचा साहेब न्हाई."

"एकटं वाटत नाही?"

"वाटतं की. पर ते एकटं येगळं."

मग तिने दीपमालाबद्दल विचारलं. मी सांगितलं, माझी पोरगी तुझ्यापेक्षा चांगली पोहायची. जिल्ह्यात पहिली यायची. दहावीला असताना बेंगळूरूच्या क्रीडा वसतिगृहातून बोलावणं आलं होतं. एवढ्या लांब एकटी पोर कशी पाठवायची? सुभद्राच्या जिवाला लागलं असतं, म्हणून नाही पाठवलं.

"मग आता पोहतात का ताई?"

"नाही. आता ऑफिस असतं."

सुभद्राने तेव्हा दीपमालाची बॅग भरून दारात ठेवली होती, हे स्नेहाला सांगितलं नाही. त्याची काही गरज नव्हती.

३० नोव्हेंबर

स्नेहाला एक मोठी संधी आली आहे. जानेवारीच्या अखेरीस कारवारकडे निवड चाचणी आहे. त्यातून निवडलेला संघ बाहेरदेशी खेळायला जाईल. चार मिनिटांचा खेळ करून दाखवायचा, आणि रेस धरणारा माणूस ज्याने त्याने आपला आणायचा.

"तुमीच यायचं सर," ती म्हणाली. मी हो म्हटलं. रात्री जुनी बॅग झटकून भरून ठेवली. अजून दोन महिने आहेत, तरी.

तिला लागोपाठ दोन उलट्या कोलांट्या मारायच्या आहेत. त्याला उंची लागते. आतापर्यंत ती जेवढी जाते त्याच्या दुप्पट म्हणाली. आज संध्याकाळी प्रयत्न केला. ती अंगठा दाखवत राहिली. मी रेस दिली, पण वारा होता, आणि इतक्या उंचीवरून पाणी दगडासारखं लागतं, हे मला ठाऊक आहे. थोडी हातची राखली. खाली आल्यावर ती म्हणाली, "मशीन वडंना झालीय सर. पयल्या दिवशी वीरेशनं कशी भसकन वर नेली होती."

मी म्हटलं, मशीन आहे, कधी ओढते कधी नाही.

६ डिसेंबर

बसवकल्याणच्या विहारात जाऊन आलो. मेणबत्त्या, वंदना. पांढऱ्या साड्यांच्या रांगेत सुभद्राची जागा डोळे आपोआप शोधतात. ओळखीच्या बायकांनी दीपमालाची चौकशी केली. खुशाल आहे म्हटलं.

तलावावर धनराजने हैदराबादहून मिस्त्री बोलावला होता. त्याने दिवसभर स्कूटर खोलून तपासली. काही दोष नाही म्हणाला. जाळीत थोडा गाळ होता तेवढा काढला. स्नेहा शेजारी बसून सगळं बघत होती. "मग वर कामून जाईना?" तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, "वजन बढ गया होगा."

सगळे हसले. तीही हसली. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मिस्त्रीलाही सगळं कळतंच असं नाही. स्कूटर जुनीच आहे.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी शेंगांच्या पोळ्या केल्या. सुभद्रा करायची तशा जमल्या नाहीत, पण बऱ्या होत्या. स्नेहासाठी डबा नेला. तिने झाकण काढून वास घेतला आणि परत लावलं.

"नको सर. वजन."

"अगं, एक खा."

"रातचं जेवन तर सोडलंय मी. तरी मशीन उचलंना. आजून दोन किलो कमी केलं की बगू."

तिचे गाल बसले आहेत. काल पाण्यातून वर येताना शिडी धरून थोडा वेळ तशीच थांबली होती.

पोळ्या वीरेशने खाल्ल्या.

उद्या रेस पूर्ण द्यायची, असं ठरवलं आहे. मनात नीट ठरवलं आहे.

१५ डिसेंबर

दिली नाही. देणार होतो. ती वर होती, अंगठा दाखवत होती. तिच्या खाली हवा आणि हवेखाली पाणी, आणि तिला धरून ठेवणारं माझ्या या एका बोटाखेरीज काही नाही. बोट पुढे जाईना. माझंच बोट, पण ऐकेना.

दीपमालाचा फोन काल आला नव्हता. आज मी केला. मीटिंगमध्ये होती. ती कामात असते.

२१ डिसेंबर

स्नेहा पडली.

२२ डिसेंबर

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

काठावर माणसं होती. तिने धनराजला सांगून ठेवलं होतं की आज एक तरी कोलांटी मारणारच. वर गेली, अंगठा दाखवला, मी नेहमीइतकी रेस दिली. तिला तेवढ्या उंचीत भागवायचं होतं. तिने पाठ टाकली, डोकं खाली आलं, पाय आभाळाकडे. डोकं खाली दिसलं मात्र, माझं बोट सुटलं. पाणी बंद झालं. उलटी झालेली ती पुन्हा सरळ व्हायला पायाखाली जोर लागतो, तो राहिलाच नाही. ती कुशीवर आपटली. तो आवाज काठावर ऐकू गेला म्हणतात.

मी उडी मारून तिला धरलं. शुद्धीत होती. ओठ निळे पडले होते. बसवकल्याणला नेलं. दोन बरगड्यांना चीर गेली आहे, खांदा मुरगळला आहे. तीन आठवडे विश्रांती.

डॉक्टरने विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "माजीच चूक. उंची न्हवती तरी मारली कोलांटी."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ डिसेंबर

हुलसूरला तिला बघायला गेलो. जाताना वाटेत दोनदा गाडी थांबवली. वाटलं, तिचे वडील आज मला धरतील. धरावं, असंही वाटत होतं.

हरिबा दारातच भेटले. उंच, वाळकुडे, खांद्यावर टॉवेल. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"सर, तुमी हैत म्हनून आमी निवांत हाव. पोरगी म्हनाली, सरांनी लगीच उडी टाकली. न्हाई तर काय झालं असतं, इचार करवत न्हाई."

गीताबाईंनी, तिच्या आईने, बळजबरीने जेवायला बसवलं. सोलाण्याची, ओल्या हरभऱ्याची आमटी, बाजरीची भाकरी. स्नेहा भिंतीला टेकून बसली होती, ताटात भात तसाच. गीताबाई तिला म्हणत होत्या, "दोन घास खा की गं." ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली, जणू आम्हा दोघांनाच ठाऊक होतं ती का खात नाही.

अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. जेवण चांगलं झालं होतं म्हणालो.

२८ डिसेंबर, रविवार

दीपमालाला सांगितलं की स्नेहा पडली. कशी, तेही सांगितलं. मशीनचा भरवसा नाही म्हटलं.

फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ती म्हणाली. "अप्पा, मशीन खरंच बिघडलीय का?"

"मिस्त्री आला होता."

"मी मिस्त्रीचं विचारत नाही."

मग कोणीतरी दार वाजवलं म्हणाली आणि ठेवला. तिच्या आवाजात कसलासा थकवा होता. थंडीही फार आहे तिकडे.

११ जानेवारी, रविवार

स्नेहा आज परत आली. मला चार दिवस ताप आहे. मफलर गुंडाळून काठावर खुर्ची टाकून बसलो होतो. धनराज म्हणाला, आज वीरेशला धरू द्या.

मी नको म्हणू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण कोणत्या तोंडाने?

ती पालथी पडली, उठली, पाण्यावर उभी राहिली. अंगठा दाखवला. आणि गेली. वर, वर, मी तिला कधी पाहिलं नव्हतं तिथे. पाटीखालच्या दोन धारा दोरीसारख्या बारीक दिसायला लागल्या. ती तिथे नुसती उभी राहिली. कोलांटी नाही, गिरकी नाही. उभी राहून खाली स्कूटरकडे बघत होती. मग मान वळवून काठाकडे.

इतक्या लांबून चेहरा दिसत नाही. पण मला दिसला.

पाण्यातून निघाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली. केसांतून पाणी गळत होतं.

"मशीन बरी हाय तर," ती म्हणाली.

मी मफलर सारखा करत राहिलो.

"मी अंगठा दावत होते. तुमाला दिसत होता न्हवं?"

"दिसत होता."

"मग कामून सर?"

"पडली असतीस."

"पडले की! तुमीच न्हवं पाडलं मला?" तिचा आवाज मोठा नव्हता. "महिनाभर रातचं जेवले न्हाई मी. आरशापुढं उभारून पोट बगत बसायची. आईला वाटलं मला कायतरी रोगच झालाय. आन् तुमी मला डबा घिऊन आलात."

तिने हेल्मेट उचललं आणि गेली. वीरेश जमिनीकडे बघत होता.

मी तिला वाचवत होतो. हे वाक्य आता इथे लिहून पाहिलं. वाक्य शुद्ध आहे. तरी ते पुन्हा वाचवत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. स्नेहाने क्लबात सगळ्यांना तिळगूळ वाटला. प्रत्येकाला गोड बोला म्हणत होती. माझ्या तळहातावर ठेवला आणि काही न बोलता पुढे गेली.

आता रोज वीरेशच रेस धरतो. मी माझ्या जीवरक्षकाच्या खुर्चीत. शिट्टी गळ्यात. दोन कोलांट्या जमायला लागल्या आहेत तिला. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो, पण तिला ऐकू जात नसणार. तिथे वर काहीच ऐकू येत नाही.

दिवसभरात आज मी किती शब्द बोललो असेन? गाडीवाल्याला "बाजूला लाव" म्हणालो. धनराजला "उद्या येतो" म्हणालो. आणखी आठवत नाही.

१९ जानेवारी

वीरेशला बोट बांधताना एकटं गाठलं. म्हटलं, तिचे गुडघे वाकायला लागले की ती दमलेली असते, अंगठा वर असला तरी. ते तिचं तिलाच कळत नाही. सव्वा महिना मी तेवढंच बघत होतो.

"मग रेस सोडू का तवा?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "सोडू नको. खाली आल्यावर तिला सांग. पुढं तिचं ती बघेल."

तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. मग म्हणाला, "तुमीच सांगा की सर तिला."

मी सांगू शकलो नाही. वीरेशने सांगितलं असावं. संध्याकाळी ती मधेच हात खाली करून उतरली, थोडा वेळ पाण्यावर पडून राहिली, मग पुन्हा गेली.

२२ जानेवारी

ती आणि वीरेश कारवारकडे गेले. धनराजने नारळ फोडला. गीताबाई, हरिबा आले होते. हरिबांनी विचारलं, "सर, तुमी न्हाई जात?" मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही. स्नेहाने ते ऐकलं. पण खरं काय ते वडिलांना सांगितलं नाही. तिचे हे उपकार कसे फेडावेत?

गाडी वळणाआड गेली. भरून ठेवलेली बॅग घरी येऊन रिकामी केली.

२७ जानेवारी

निवड झाली! वीरेशचा फोन आला होता, धनराजला. दोन्ही कोलांट्या स्वच्छ. परीक्षकांनी पुन्हा एकदा करायला लावलं म्हणे. वीरेशलाही तिच्याबरोबरच ठेवून घेणार आहेत. धनराजने क्लबात पेढे वाटले. मी दोन घेतले, एक तिथेच खाल्ला, एक घरी आणला. आणून कोणाला द्यायचा, हे दारात आल्यावर लक्षात आलं.

१ फेब्रुवारी, रविवार

स्नेहा सामान न्यायला आली. उद्या जाईल, मग थेट पावसाळ्यानंतर. तेही नक्की नाही.

ती नळ्याची गुंडाळी करत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. बोलायचं म्हणून घरून जुळवून आणलेलं सगळं विसरलो आणि भलतंच बोललो.

"मला एकदा वर जायचंय."

तिला चेष्टा वाटली. मग वाटेना झाली. "सर, तुमचं वय..."

"पोहता येतं मला. रेस तू धर."

धनराज नको नको म्हणत होता. तिने त्याला हात केला. "असू दे अण्णा." तिने स्वतः माझे बूट आवळले, जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. मला नसलेल्या सुनेने किंवा सोडून गेलेल्या मुलीने करावं तसं. नाही, दीपमाला सोडून गेलेली नाही. ती नोकरीला आहे. हे चुकून लिहिलं गेलं.

पहिल्यांदा तोंडावर पडलो. दुसऱ्यांदा पाठीवर. नाकातोंडात पाणी. काठावरचे हसत होते. तिसऱ्यांदा गुडघे ताठ ठेवले, जसे ती ठेवते, आणि पाणी माझ्या पायाखाली घट्ट झालं. मी उभा होतो. मग सुटलो.

आवाज खरंच फार असतो. आणि इतक्या आवाजात एकदम शांत. तलाव परातीसारखा दिसतो. पलीकडे हरभरा, ज्वारी, राजेश्वरची घरं, हुलसूरकडे जाणारा रस्ता आणि त्यावर एक बस. काठावरचा धनराज बोटाएवढा. त्या क्षणी मी कुणाचा कुणी नव्हतो. अशी भीती मला सुभद्रा दवाखान्यात होती तेव्हाही वाटली नव्हती, कारण तिथे काहीतरी धरायला होतं, पलंगाची कडा तरी.

खाली पाहिलं. स्कूटरवर स्नेहा. मान पूर्ण वर केलेली, डोळ्यांवर एका हाताची सावली. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. फक्त हाताकडे.

मी हात खाली केला. ती मला उतरवू लागली. एकदम नाही, रेंगाळतही नाही. मागितलं तेवढंच. पाण्यापासून हातभर अंतरावर मी तळवा उभा केला, ती थांबली. मी तिथेच उभा राहिलो. ती वाट बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारा दमला, बास झालं, उतरवावा. वाटलं असलं तरी तिने काही केलं नाही.

मी अंगठा वर केला.

पुन्हा गेलो. या वेळी आधीपेक्षा वर. अंगठा दिसत होता तोवर तिने रेस दिली आणि तळवा दिसल्यावर थांबली.

नंतर काठावर टॉवेल गुंडाळून बसलो. दात वाजत होते. ती शेजारी येऊन बसली.

"भ्या वाटलं?"

"व्हय. फार."

"मला बी वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं सर. पयल्या दिसापासून."

मी तिच्याकडे पाहिलं. दोन महिने मी समजत होतो की वरच्या माणसाला भीती नसते, म्हणून ती खालच्याने धरायची.

"चुकलं माझं," मी म्हणालो. तेवढंच आलं.

तिने मान हलवली. हो म्हणून, की राहू द्या म्हणून, कळलं नाही. मग तिच्या वडिलांची गाडी आली. ती वाकून पाया पडायला लागली तेव्हा मी मागे सरलो. तिने जबरदस्तीने हात लावला आणि गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

कालव्याला पाणी सोडलं आहे. तलाव उतरतो आहे. काठाशी चिखल उघडा पडला, बोटी वर ओढून ठेवल्या. धनराजने फाटकाला कुलूप घातलं. आता पाऊस होईपर्यंत क्लब बंद. "या मधनंमधनं," तो म्हणाला. कुठे यायचं?

दिवस घरातच गेला. कपडे धुतले, वाळत घातले, काढले, घडी केली.

संध्याकाळी दीपमालाचा फोन. तिने जेवण विचारलं नाही, गोळी विचारली नाही. एका दमात बोलली. तिच्या ऑफिसकडून तिला जर्मनीला पाठवत आहेत. दोन वर्षं. एप्रिलमध्ये निघावं लागेल. अजून होकार दिलेला नाही. एवढं बोलून थांबली. पाठ केलेलं म्हणून टाकावं तसं तिचं बोलणं होतं. पुढे माझं काय येणार हेही तिला पाठ असावं.

आणि ते आलंच होतं, जिभेवर. एवढ्या लांब एकटी कशी राहशील. तिकडे आजारी पडलीस तर. इकडे मला काही झालं तर. सगळं खरं होतं. आजही खरं आहे.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"पण अप्पा, तुम्ही..." ती म्हणाली.

"दीपा, तुला जायचंय का ते सांग."

"व्हय अप्पा." लहानपणी बोलायची तसं बोलली. "लई जायचंय."

"मग जा."

मागे पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग तिने हळूच विचारलं, "अप्पा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"नक्की?"

"अगदी बरी आहे. तिकडे थंडी असेल. काय काय लागेल ते सांग."

मग ती बोलायला लागली. शहराचं नाव सांगितलं, ते मला नीट उच्चारता आलं नाही, तिने तीनदा म्हणायला लावलं आणि हसली. खोली कशी असेल, काम काय असेल, बरोबर कोण आहे. मी मधे काहीच बोललो नाही. ती बोलता बोलता दोनदा थांबली, माझं काही येतं का ते पाहायला. मी हं म्हणायचो, ती पुढे जायची. एवढं ती माझ्याशी शेवटचं कधी बोलली होती, आठवत नाही.

फोन ठेवल्यावर घर एकदम लहान झालं आणि फार मोठंही. जर्मनी नकाशात कुठे येते ते शाळेच्या जुन्या ॲटलासमध्ये काढून पाहिलं. इथून तिथपर्यंत माझी एक वीत होते. ॲटलास उघडाच ठेवून भाकरी टाकायला उठलो.